हाराच्या कड्या

रामापुरम,
२१ फेब्रुवारी १९८७

ती. ओबुलक्का हिस,
धाकट्या मद्दिलेटीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. चौकशी चार ओळी आणि बाकी पानभर बोलणी, म्हणजे तुझी तब्येत उत्तम आहे हे कळलं. हंपन्ना बावांचा सायकलचा धंदा बरा चाललाय हे वाचून नरसम्माला आनंद झाला. ईश्वरी म्हणते की बळ्ळारीच्या अत्तेकडे सुट्टीत जायचंच, आणि मीही नाही म्हणत नाही.

धंद्याचं विचारलंस. धंदा जोरात आहे, आणि त्याचंच वाईट वाटतं. दुकानात देवांचे फोटो धूळ खात पडलेत आणि मयतांच्या फोटोंना फ्रेमची पट्टी पुरत नाही. वेलगलपाडूचा पेद्दिरेड्डी आणि चिंतकुंट्याचा नागिरेड्डी यांचं वैर तू इथे होतीस तेव्हाचंच आहे. भुईमूग निघाला, माणसं रिकामी झाली, आणि पुन्हा कोयते बाहेर आले. परवा बाजाराच्या दिवशी नागिरेड्डीच्या धाकट्या भावावर, सुब्बारेड्डीवर, बस थांब्यापाशी गावठी बाँब टाकले. मी आत काच कापत होतो. आवाजासरशी हिरकणी घसरली आणि अख्खी काच वाया गेली. खोटं कशाला बोलू, आधी मला काचेचाच राग आला. मग बाहेर जाऊन बघितलं. एक पाय वेगळा पडला होता आणि त्यात चप्पल तशीच होती. त्यानंतर मी दोन दिवस जेवताना खालीच बघत होतो.

आता कामाचं ऐक. सुब्बारेड्डीचा घरात म्हणून एकच फोटो, तोही त्या दिवशी त्याच्या खिशात होता. कुणा शहाण्याने तो ओला असतानाच सरळ व्हावा म्हणून काचेखाली दाबून ठेवला. आता रक्तासकट काचेला चिकटून बसलाय. सोलायला गेलो तर गाल निघून येईल. तुझा हात असल्या कामात माझ्यापेक्षा हलका, तेव्हा काय करू ते कळव.

त्याच दिवशी पेद्दिरेड्डीकडूनही काम आलं. नव्या घराची वास्तुशांत आहे, त्यासाठी त्याचा स्वतःचा मोठा रंगीत फोटो. गंमत बघ, दोन्ही घरांनी पट्टी एकच निवडली, काळी रुंद, आतून सोनेरी रेघ. एकमेकांचे गळे कापतील पण आवड सोडणार नाहीत.

आपल्या वडिलांचा, नान्नांचा नियम मला आठवतो. ज्या फळीवर मयताचा फोटो बसवला, त्या फळीवर त्या दिवशी जिवंताचा घ्यायचा नाही. पण अक्का, फळी एक, हात दोन आणि घाई दोन्हीकडून. मी दोन्ही एकत्रच घेतलेत. ओरडू नकोस. दुसरा नियम, मयताच्या फ्रेमला वरच्या दोन कोपऱ्यांत हारासाठी पितळी कड्या आणि जिवंताला कधीच नाही, तो मी झोपेतसुद्धा पाळतो.

बावांना नमस्कार. लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नये, ही वि.

तुझा,
मद्दिलेटी

*

बळ्ळारी,
२६ फेब्रुवारी १९८७

चि. मद्दिलेटी यास,
ओबुलक्काचे अ. उ. आशीर्वाद.

ओरडू नकोस म्हणतोस आणि ओरडण्यासारखंच लिहितोस. आमचे हे, म्हणजे तुझे बावा, म्हणाले की ही तुमच्या घरची रीतच आहे.

फोटोचं आधी. कोरडा असताना त्याला नखसुद्धा लावू नकोस. काच आणि फोटो एकत्रच थंड पाण्यात ठेव, पसरट परातीत, फोटो वर. गरम पाणी मुळीच नको, गरम पाण्याने रक्त पक्कं बसतं. आणि मग त्याच्याकडे बघत बसू नकोस, दुसरं काम कर. सुटायचा असेल तर तो आपला आपण सुटेल. नाहीच सुटला तर काचेवरूनच त्याचा दुसरा फोटो काढून घे. नंतर बसवताना पुठ्ठ्याची किनार घाल, म्हणजे काच आणि फोटो यांच्यात बोटभर नाही तरी केसभर हवा राहील. मागच्या कागदाच्या खळीत मोरचूद घालतोस ना अजून? गेल्या खेपेला पाठवलेल्या व्यंकटेशाच्या फोटोमागे कसर लागली होती. मी कुणाला दाखवलं नाही, तुझी लाज राखली.

आता फळीचं. तुला वाटतं नान्ना सोवळ्यासाठी तसं सांगायचे. ते सोवळ्याचे कधीच नव्हते, दारू पिऊन देवाच्या फोटोला चुका ठोकायचे. त्यांनी मला एकदा खरं कारण सांगितलं होतं. म्हणाले, पोरी, डोकं चुकलं तर कळतं, हात चुकला तर कळत नाही. दहा मयतांचे फोटो बसवले की अकराव्याला हात आपणच कड्यांच्या डबीत जातो. म्हणून फळी वेगळी, दिवस वेगळा. फळी बदलली की हात जागा होतो.

दुकानावरच्या माळ्यावर नान्नांची जुनी फळी आहे, ती उतरव. आळस करू नकोस. ईश्वरीला सांग, तिच्यासाठी जांभळं परकर-पोलकं शिवून ठेवलंय.

नरसम्मास आशीर्वाद. तब्येतीला जपावे आणि अक्काची बोलणी गोड मानून घ्यावीत.

तुझी,
अक्का

*

रामापुरम,
९ मार्च १९८७

ती. अक्का हिस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा फळी बदलायला फार उशीर झाला होता. फोटो तू सांगितलास तसाच सुटला. सुब्बारेड्डीचा गाल शाबूत आहे. माझा डावा हात नाही.

हात कड्यांच्या डबीत आपणच गेला, अक्का. मला आठवतच नाही. पेद्दिरेड्डीचा फोटो मी पुसला, मागे खाकी कागद लावला, गुण्या लावून चारही कोपरे तपासले, आणि एवढा शहाणा मी, वर दोन पितळी कड्या बसवल्या. कागदात गुंडाळून पाठवूनही दिला. त्यांचा माणूस तसाच घेऊन गेला, कुणी उघडून बघितला नाही.

वास्तुशांतीच्या दिवशी सगळं गाव जमलेलं. भिंतीवर टांगायच्या आधी पेद्दिरेड्डीच्या आईने, त्या म्हाताऱ्या अव्वाने, फोटो मांडीवर घ्यायला मागितला. तिला मोतीबिंदू, दिसत नाही. ती फोटोतल्या लेकाच्या तोंडावरून हात फिरवत वर गेली आणि बोटं कड्यांना लागली. तिचे दोन मुलगे याआधी जुन्या घरात भिंतीवर लागलेत, त्या कड्या तिच्या बोटांना चांगल्या ओळखीच्या. ती इतक्या जोराने ओरडली म्हणे की भटजींच्या हातातला कलश पडला.

दुपारी माणसं दुकानात आली. आधी काचा. सगळ्या काचा, अक्का, ठेवणीतल्या परदेशी काचासुद्धा. देव, लग्नं, मयत, सगळे एकत्र जमिनीवर. मग मला फळीवर वाकवलं आणि डाव्या हाताची बोटं पसरवून माझ्याच हातोडीने ठेचली. अंगठा गेलाच. आणखी दोन बोटं राहतील की नाही हे डॉक्टरला माहीत नाही. मारताना एकच विचारत होते, नागिरेड्डीने काय सांगितलं होतं. मी म्हणत होतो की कुणी काही सांगितलं नाही, चूक झाली. त्यांच्यातला एक हसून म्हणाला की तीस वर्षं फ्रेमा करणाऱ्याची अशी चूक होत असेल तर न्हाव्याच्याही हातून गळे कापले जातील.

पेद्दिरेड्डी स्वतः शेवटी आला. आवाज चढवला नाही. म्हणाला की उगादीला, पाडव्याच्या दिवशी, वेलगलपाडूच्या चौडेश्वरी देवीसमोर ये, शपथ म्हणून जळता कापूर हाताने विझव आणि कुणी सांगितलं त्याचं नाव घे. नाव घेतलंस तर घरी जाशील. आणि मी नाव घेतलं तर, अक्का, त्याच रात्री चिंतकुंटा पेटेल. तिथे दोनशे घरं आहेत, निम्म्या घरांत आपणच बसवलेले देव आहेत.

नरसम्मा रडत नाही, त्याचीच भीती वाटते. उजवा हात ठीक आहे म्हणून लिहू शकलो.

लोभ असावा. आता तो फार लागणार आहे.

तुझा,
मद्दिलेटी

*

बळ्ळारी,
१४ मार्च १९८७

चि. मद्दिलेटी यास, अ. आ.

तुझं पत्र वाचून मी चुलीवरचा नाचणीचा उंडा तसाच करपू दिला. दिवसभर घरात करपल्याचा वास होता.

ऐक. मी तुला कधी खोटं बोलायला शिकवलं नाही. आज शिकवते. नागिरेड्डीचं नाव घे. तो तुझा कोण लागतो? त्याने काय कमी माणसं मारलीत? त्याच्या माणसांनी दोन वर्षांपूर्वी पेद्दिरेड्डीच्या गड्याला विहिरीवर कसं तोडलं ते तूच लिहिलं होतंस. बादलीत सापडलं होतं डोकं. तसल्या माणसाच्या नावापायी तू मरणार? पेटू दे चिंतकुंटा. मला तिथल्या कुणाचा चेहरा माहीत नाही, तुझा माहीत आहे. मी वाईट बाई आहे असं वाटलं तर वाटू दे.

नाव घ्यायचं नसेल तर आजच निघून ये. दुकान सोड, फळी सोड. बावा म्हणतात की ते लॉरी घेऊन येतील आणि तिघांना पोत्यांमागे बसवून आणतील. बळ्ळारीत काय फोटो नाहीत? इथे लोक अजून म्हातारपणाने मरतात. एका हाताने फ्रेम होत नसेल तर दुसरा हात माझा. मी धरीन, तू ठोक. लहानपणी तसंच करत होतो की, आणि तू माझंच बोट ठोकायचास.

तुझ्या दुखऱ्या हाताला हळद बांध, डॉक्टर काहीही म्हणो. उलट टपाली कळव. यायचं नसेल तर पत्रच पाठवू नकोस.

तुझी,
अक्का

*

रामापुरम,
२६ मार्च १९८७

ती. अक्का हिस, सा. न. वि. वि.

हे पत्र नरसम्माच्या हातीच देतोय. तिला आणि ईश्वरीला बसमध्ये बसवलं आहे. म्हणजे मी येत नाहीये हे तुला पत्र उघडायच्या आधीच कळलं असेल, आणि तू नरसम्मावर डोळे वटारले असशील. तिला बोलू नकोस. ती जायला तयार नव्हती. पोरीला पुढे केलं तेव्हा चढली.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुझं ऐकायचं ठरवलंही होतं. पण मध्ये एक झालं. नागिरेड्डीचा माणूस वीरभद्र नारळ-विडा घेऊन दुकानात आला. मला वाटलं, मारायलाच आला. त्याने वाकून नमस्कार केला. म्हणाला की आमच्या मालकांना सांगावं लागलं नाही, तुम्ही आपण होऊन पेद्दिरेड्डीला मरणाची नोटीस दिलीत, तीही भर वास्तुशांतीत. मालक चारचौघांत छाती फुगवून सांगतात की ते काम त्यांनीच करवलं. मी म्हटलं की बाबा रे, ती चूक होती. तो डोळा मारून म्हणाला की बरोबर, बाहेर तसंच सांगा.

मग त्याने खिशातून पेद्दिरेड्डीच्या मुलाचा फोटो काढला. मोटारसायकलवर बसलेला, हसतोय. वीस-एक वर्षांचा असेल. याला कड्या लावून द्या म्हणाला, दारात आम्ही नेऊन ठेवू. तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही.

अक्का, तुला सांगतो, मला गोड वाटलं. हल्ली मी रस्त्याने गेलो की चहाच्या टपरीवरची माणसं उठून जागा देतात. ज्यांनी आयुष्यभर फ्रेमवाला म्हणून हाक मारली, ते मद्दिलेटी अन्ना म्हणतात. हात ठणकत होता, आणि ज्याच्या बापाने तो ठेचला त्या पोराचा फोटो समोर होता. मी डबीतून दोन कड्या काढल्या. या वेळी हात झोपेत नव्हता, चांगला जागा होता.

त्या हातात धरून बसलो आणि मग माझी मलाच घाण वाटली. पोराचा फोटो मी परत केला. सांगितलं की हे होणार नाही. वीरभद्र हसायचा थांबला आणि निघून गेला, विडा तसाच ठेवून.

त्या दोन कड्या मग मी माझ्या फोटोला लावल्या. आमच्या लग्नातला, ज्याला तू हसतेस तो, मिशीवाला. नरसम्माला काढून फक्त माझाच कापून घेतला, तिला सांगू नकोस. डाव्या हाताने धरता येत नाही, तेव्हा एक वर आणि एक खाली गेली. उगादीला तोच फोटो घेऊन देवळात जाणार आहे. म्हणणार की चुकीने तुम्हाला लावल्या, या घ्या, समजून उमजून मला लावल्यात. मारायचं तर मारा. नाव नाही म्हणजे नाही.

मला मरायचं नाही, अक्का. हे नीट वाच. उगादीची कडुनिंबाची पच्चडी खाऊन दुसऱ्या दिवशीच्या बसने येतोय. तू धर, मी ठोकीन.

बावांना नमस्कार, ईश्वरीला जांभळं पोलकं. लोभाचं काय लिहू, तो तुझ्याकडेच ठेवून दिलाय.

तुझा,
मद्दिलेटी

*

रामापुरम,
१ एप्रिल १९८७

सौ. ओबुलम्मास,
हंपन्नाचे आशीर्वाद.

तार मिळाली असेल. मी आणि नरसम्मा काल पोचलो. मला पत्र लिहिता येत नाही हे तू जाणतेस. जे कळलं ते लिहितो.

तो उगादीला देवळात गेला. फोटो छातीशी धरून. सगळ्यांसमोर म्हणाला की कुणी सांगितलं नाही, हात चुकला. उजव्या हाताने जळता कापूर विझवला. पेद्दिरेड्डी मांडीवर कोयता घेऊन बसला होता. त्याच्या आईने फोटो मागून घेतला आणि कड्या चाचपल्या. म्हणाली की या वाकड्या आहेत, याचा हात भीतीने कापत होता. माझ्या लेकाच्या फोटोच्या कड्या अगदी सरळ होत्या. पाप मनात असतं तर हात एवढा शांत राहिला नसता. या माणसाला जाऊ दे.

पेद्दिरेड्डीने त्याला जाऊ दिलं. प्रसादही दिला.

गावाबाहेरच्या मोरीवर नागिरेड्डीची माणसं होती. त्यांचा मालक जी बढाई मारत होता ती याने देवासमोर खोटी पाडली, आणि पेद्दिरेड्डीच्या पोराचा फोटोही परत केला होता. एक बाँब टाकला, तो फुटला नाही. मग कोयते. वीरभद्र पुढे होता म्हणतात. उजवा हात मनगटापासून वेगळा सापडला. मी तो कापडात बांधून सोबत ठेवला. बाकीचं तुला सांगणार नाही, विचारू नकोस.

फोटोची फ्रेम ओढ्यात होती. पेद्दिरेड्डीची अव्वा बैलगाडीतून आली आणि प्रेताला पहिला हार तिनेच घातला.

अकराव्याला फोटो लागेल. गावातले बाकीचे फ्रेमवाले दुकानच उघडत नाहीत. याचं काम घ्यायला घाबरतात. फ्रेम बसच्या ड्रायव्हरबरोबर तुझ्याकडे पाठवतोय. काच फुटलीय, फोटो भिजलाय. तू कर.

पेद्दिरेड्डीने नरसम्माला निरोप पाठवलाय की मद्दिलेटीचा बदला तो घेईल. काय उत्तर द्यायचं ते तू लिही.

पोरीला सांभाळ. तूही जेव.

हंपन्ना

*

बळ्ळारी,
६ एप्रिल १९८७

चि. सौ. नरसम्मा हिस,
ओबुलक्काचे अनेक आशीर्वाद.

फोटो या पत्राबरोबर येतोय. ड्रायव्हर मांडीवर घेऊन येईल, तसं वचन घेतलंय. दोन्ही हातांनी उतरवून घे.

थंड पाण्यात ठेवला होता, फोटो वर. मी तिथे बसले नाही, आत जाऊन डाळ निवडली. बाहेर आले तेव्हा तो आपला आपण सुटला होता. पाणी तीनदा बदलावं लागलं. मिशीच्या एका टोकाला थोडा डाग राहिलाय, तो मी घासला नाही. काच मीच कापली. लग्न झाल्यापासून हातात हिरकणी धरली नव्हती. एकदाच ओढायची असते, त्याच रेघेवर दुसऱ्यांदा गेलं की काच सूड घेते. एकदाच ओढली. खळीत मोरचूद घातलाय. कोपऱ्यात केसाएवढी फट राहिली आहे. तो असता तर त्याने त्यात नख घालून दाखवलं असतं आणि मी त्याच्या पाठीत धपाटा घातला असता.

पेद्दिरेड्डीला सांग की बदला नको. माझ्या भावाने कुणाचं नाव घेतलं नाही, तुम्हीही त्याचं घेऊ नका. त्याच्या नावाने कुणाला तोडलंत, तर त्या मयताचा फोटो बसवायला आमच्या घरात आता कुणी उरलेलं नाही. एवढंच सांग, रडून नको सांगू. आणि त्या दुसऱ्याला, नागिरेड्डीला, मी निरोप पाठवत नाही. मी त्याला मरायला सांगितलं नव्हतं, मी त्याला नाव घ्यायला सांगितलं होतं, आणि त्याने माझं ऐकलं नाही. त्याचा राग मला आयुष्यभर पुरेल.

तुझ्या लग्नाच्या फोटोतला तुझा अर्धा भाग त्याने कुठे ठेवलाय तो शोध. दुकानात असेल, तो काही टाकायचा नाही. अकरावा झाला की दोघी इथे राहू. मी धरीन, तू ठोक. तुला जमेल. ईश्वरी जांभळं पोलकं घालत नाही, तिचे नान्ना आल्यावर घालीन म्हणते. मी अजून तिला काही बोललेले नाही.

कड्या मी तशाच ठेवल्या आहेत, एक वर आणि एक खाली. हार तिरका बसेल. कुणी सरळ करायला आलं तर हात लावू देऊ नकोस.

पत्र घडी घालायला घेतलं आणि वर नजर गेली. मी तुला सौ. लिहिलंय. इतकी वर्षं लिहीत आले, हात आपणच गेला. खोडायला लेखणी टेकवली होती. त्याचंही असंच झालं असणार गं, अगदी असंच. राहू दे. एवढ्या एका पत्रापुरती तू सौ. राहा.

तुझी,
अक्का